दमाने घ्यावे : श्वासाच्या परीक्षेची शंभर वर्षे

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. मंडळाच्या स्थापनेचा, येथील गणेशोत्सवाचा अथवा नाट्यस्पर्धांचा इतिहास लिहिणारे अधिकारी पुरुष व भगिनी या दिल्ली शहरात पुष्कळ आहेत. आम्ही वैद्य नव्हे की योगाचार्य नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे काढलेले एक नोकरदार, एवढीच आमची योग्यता. तरीही ज्या विषयाशी आमच्या घरातील एका दुःखद प्रसंगाचा संबंध आला, आणि ज्याचा शोध घेता घेता महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या एका मराठी माणसाच्या कर्तृत्वाची ओळख आम्हांस नव्याने पटली, तो विषय वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. विषय आहे श्वासाचा.

श्वासाचे महत्त्व मराठी भाषेने फार पूर्वी ओळखलेले दिसते. 'दम' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि तेथे त्याचा मूळ अर्थ श्वास असाच आहे. उतावळ्यास आपण 'दमाने घे' म्हणतो, थकलेल्यास 'जरा दम खा' म्हणतो, घाबरलेल्यास 'दम धर' म्हणतो. आणि श्वासच अडू लागला की त्या व्याधीस 'दमा' म्हणतो. मनाची स्थिती आणि श्वासाची गती यांचे नाते आपल्या बोलण्यात असे मुरलेले आहे. हे नाते खरे किती, त्याचा शरीरावर परिणाम कोणता, आणि त्याविषयीच्या आपल्या समजुतींत सत्य किती व अतिशयोक्ती किती, हे मोजून पाहण्याचा पद्धतशीर उद्योग आपल्या देशात १९२० नंतर सुरू झाला. त्याची ही हकिगत आहे.

आमच्या लहानपणी प्राणायाम हा घरातील वडीलधाऱ्यांच्या नित्यक्रमाचा भाग होता. आमचे आजोबा पहाटे संध्येस बसत. नाकपुडीवर अंगठा ठेवून ते श्वास रोखीत, तेव्हा आम्ही मुले दाराआडून आकडे मोजीत असू. मुंज झाल्यावर आम्हांसही ते शिकविण्यात आले. 'याने काय होते?' असे एकदा आम्ही विचारले. 'आयुष्य वाढते,' एवढेच उत्तर मिळाले. पुढे शाळेत शरीरशास्त्राचा धडा आला आणि मास्तरांनी सांगितले, की दीर्घ श्वासाने रक्तात प्राणवायू अधिक जातो, म्हणून प्राणायाम हितकर. आजोबांच्या उत्तराला शास्त्राचा आधार मिळाला, असे वाटून आम्ही निश्चिंत झालो. तो आधार बरोबर नव्हता, हे समजण्यास आम्हांस पुढे बरीच वर्षे लागली. आणि ते प्रथम सांगणारा पुरुष प्राणायामाचा निंदक नसून प्राणायामास सारे आयुष्य वाहिलेला एक संन्यासी होता, हे त्याहून उशिरा समजले.

या पुरुषाचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. स्वामी कुवलयानंद या नावाने ते पुढे विख्यात झाले. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोई येथे, म्हणजे त्या काळच्या बडोदे संस्थानात झाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. बडोद्यास जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली ते भारतीय व्यायामपद्धती शिकले. लोकमान्य टिळकांच्या व अरविंदबाबूंच्या राष्ट्रीय विचारांचा संस्कार त्यांच्यावर याच काळात झाला. नंतर खानदेशात अमळनेर येथे ते शिक्षणकार्यात रमले. नर्मदाकाठी माळसर येथे आश्रम करून राहिलेले परमहंस माधवदासजी हे त्यांचे योगातील गुरू. ते मूळचे बंगालचे. मराठी शिष्य, वंगीय गुरू, गुजरातेतील नदीकाठ आणि पुढे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील आश्रम, असा हा योग जुळून आला. आपल्यासारख्या परप्रांती वसलेल्या कुटुंबांना यात आपलेपणा वाटावा.

गुरूकडून मिळालेली विद्या जशीच्या तशी पुढे द्यावी, ही आपली परंपरा. गुणे यांनी ती श्रद्धेने स्वीकारली. परंतु श्रद्धा ठेवूनही प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांच्या अंगी होते. उड्डियान व नौली या क्रियांत पोट आत खेचले जाते, तेव्हा आत नेमके काय घडते? प्राणायामात रक्तदाबाचे काय होते? १९२०-२१ च्या सुमारास बडोद्यातील सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, काही विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्यांनी हे तपासण्यास प्रारंभ केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. नळीने पाणी आपोआप वर का चढते, या कोड्याचा त्यामुळे उलगडा झाला. या अंतर्गत निर्वातास त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. प्रयोगातून निघालेल्या निष्कर्षास गुरूचे नाव देणे ही गुरुदक्षिणा आम्हांस अपूर्व वाटते.

१९२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी लोणावळ्यास 'कैवल्यधाम' ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योग-मीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. त्यात एका बाजूस आसन-प्राणायामाचे वर्णन असे, तर दुसऱ्या बाजूस प्रयोगांच्या नोंदी, क्ष-किरणांची छायाचित्रे आणि आकड्यांची कोष्टके असत. योगाचा उपहास करणारे सुशिक्षित आणि योगाच्या नावावर चमत्कार दाखविणारे भोंदू, या दोघांनाही स्वामीजींचे उत्तर एकच होते : मोजून पाहू.

त्यांच्या कार्याचा बोलबाला लवकरच झाला. १९२७ साली दौऱ्यावर असता गांधीजींचा रक्तदाब वाढला आणि त्यांना म्हैसूर संस्थानात नंदी टेकडीवर विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसने व श्वसनक्रिया यांविषयी सल्ला घेतला होता.

परंतु आमच्या मते स्वामीजींचे खरे मोठेपण दिसते ते १९३० च्या आसपासच्या श्वसनविषयक प्रयोगांत. प्राणायामात शरीर प्राणवायू किती घेते आणि कार्बन डायऑक्साइड किती सोडते, याची त्यांनी मोजणी केली. लोकांची अपेक्षा होती, की प्राणवायूचे शोषण पुष्कळ वाढलेले आढळेल आणि योगाचा विजय होईल. मोजणीत तसे आढळले नाही. स्वामीजींनी ते दडवून ठेवले नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या प्रमाणात शोधणे चूक आहे, ते मज्जासंस्थेवरील संस्कारात शोधले पाहिजे, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. आपल्याच पक्षाच्या आवडत्या युक्तिवादास त्यांनी आपल्याच प्रयोगशाळेत बाद ठरविले.

असे का होते, हे आज घरबसल्या समजू शकते. कोरोनाच्या २०२०-२१ सालच्या साथीत बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र बहुतेक घरांत आले. निरोगी माणसाने ते लावले, की साधारण ९५ ते ९९ हा आकडा दिसतो. रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्याची भरती स्वस्थ बसलेले असतानाही जवळजवळ पूर्ण असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ते किती ओतणार? उलट जोरजोराने, भराभर श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडील रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि चक्कर येते. पुष्कळांना हीच चक्कर 'शक्तीचा संचार' वाटते.

मग दीर्घ व संथ श्वासाचा काहीच लाभ नाही काय? तसे नाही. साधे अंकगणित पाहावे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो; त्यातील सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा व श्वासनलिकेतच राहते आणि तशीच परत येते. मिनिटाला १२ श्वास घेतले तर ६,००० मिलिलिटर हवा आत गेली, पण उपयोगी पडली ४,२०० मिलिलिटर. तीच ६,००० मिलिलिटर हवा २४ उथळ श्वासांत घेतली, तर उपयोगी पडते केवळ २,४००. आणि ६ सखोल श्वासांत घेतली, तर ५,१००. म्हणजे उथळ व घाईचा श्वास हा उधळ्या कुटुंबाच्या खर्चासारखा आहे : मिळकत तीच, शिल्लक मात्र नाही. संथ श्वासात काटकसर आहे, त्यात नवी मिळकत नाही, एवढे ध्यानी ठेवावे.

लोणावळ्याच्या या कार्याने परदेशी विद्वानांचेही लक्ष वेधले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे के. टी. बेहानन हे केरळीय अभ्यासक कैवल्यधामात येऊन राहिले, प्राणायाम शिकले आणि परत जाऊन त्यांनी स्वतःवरच प्रयोग करविले. १९३७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उज्जायी, भस्त्रिका व कपालभाती यांत प्राणवायूचा खप सुमारे १२ ते २५ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांच्या मोजणीत आले. सावकाश चालण्याने तो याहून कितीतरी अधिक वाढतो. केवळ प्राणवायूचाच हिशेब करावयाचा, तर प्राणायामापेक्षा बाजारात भाजी आणावयास पायी जाणे बरे!

या कथेचा पुढील अध्याय आपल्या दिल्लीत घडला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १९५६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. के. आनंद हे शरीरक्रियाशास्त्राचे प्रमुख होते. १९५७ साली अमेरिकेतून वेंगर व बागची हे संशोधक भारतात आले आणि त्यांनी डॉ. आनंद यांच्या सहकार्याने, हृदय थांबवू शकतो असे म्हणणाऱ्या योग्यांची परीक्षा केली. त्यांचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. श्वास रोखून छातीचे स्नायू आवळल्यावर हृदयाकडे परतणारे रक्त कमी होई आणि मनगटाची नाडी लागेनाशी होई, हे खरे. पण विद्युत्-आलेखात हृदय आपले काम करीतच होते. ते थांबले नव्हते.

तथापि त्याच संस्थेतील दुसरा प्रयोग योगाची थोरवी वेगळ्या रीतीने दाखवितो. रामानंद योगी यांना हवाबंद पेटीत बसवून त्यांच्या श्वसनाची मोजणी झाली, तेव्हा पूर्ण विश्रांतीत शरीरास जेवढा प्राणवायू लागतो, त्याहूनही कमी प्राणवायूवर ते राहू शकले. हाही निबंध १९६१ चाच. म्हणजे सिद्धी होती ती अधिक घेण्यात नव्हती, कमी लागण्यात होती. आजोबांच्या पिढीस हे शब्दांत सांगता आले नसेल. परंतु त्यांच्या आचरणाचा कल तिकडेच होता.

स्वामी कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले. त्यांचे सहकारी डॉ. विनेकर आणि मुंबईचे प्रख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांचा शवासनावरील निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला. रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासनात पडून संथ, लयबद्ध श्वास घेण्यास शिकविण्यात आले. पुष्कळांचा रक्तदाब उतरला आणि काहींचे औषध कमी करता आले. १९८५ साली बंगळूरच्या नागरत्ना व नागेंद्र यांनी दम्याच्या ५३ रुग्णांना योगाभ्यास देऊन तितक्याच इतर रुग्णांशी त्यांची तुलना केली. अभ्यास करणाऱ्यांचे झटके कमी झाले. २००१ साली इटलीतील एका अभ्यासात २३ निरोगी माणसांना जपमाळेवरील प्रार्थना व बौद्ध मंत्र म्हणावयास सांगितले. दोहोंतही श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ वर आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातील यंत्रणा अधिक तत्पर झाली. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. वाचकांनी मनगट धरून स्वतः पाहावे. उच्छ्वास लांबविला, की ही विश्रांती लांबते. स्वामीजींनी मज्जासंस्थेकडे बोट दाखविले होते, ते असे खरे ठरत आले.

आता आमच्या घरातील प्रसंग. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत राहत. त्यांना आठ वर्षे रक्तदाबाचा विकार होता आणि ते नियमाने गोळी घेत. २००८ साली ते एका प्राणायाम शिबिरास जाऊ लागले. त्यांना उत्साह वाटू लागला, झोप चांगली लागू लागली. शरीरात प्राणवायू भरपूर गेला की औषधाची गरज उरत नाही, असे तेथे कोणीतरी त्यांच्या मनावर बिंबविले. दादांनी कोणासही, वहिनींनाही, न सांगता गोळी बंद केली. आम्ही दर रविवारी त्यांच्याकडे जात असू. आम्हांसही त्याचा पत्ता लागला नाही. चौथ्या महिन्यात, जानेवारीतील एका सकाळी, चहाची कपबशी त्यांच्या उजव्या हातातून निसटली आणि वहिनींना हाक मारण्यास शब्द फुटेना. पक्षाघात झाला होता.

दादा वाचले. वाचा सहा महिन्यांनी बरीचशी परत आली. उजव्या हाताचे सुरेख मोडी वळणाचे अक्षर मात्र कायमचे गेले. त्या दिवसांत इस्पितळाच्या बाकावर बसून आम्ही प्राणायामास मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या. परंतु दादांना घरी सोडताना तेथील वृद्ध डॉक्टरांनी सांगितले, की संथ श्वासाचा अभ्यास सोडू नका, तो उपयोगीच आहे. जोरजबरदस्तीच्या क्रिया मात्र करू नका, आणि गोळी माझ्या सांगण्यावाचून बंद करू नका. त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो आणि 'योग-मीमांसे'च्या जुन्या अंकांपर्यंत पोहोचलो. दादांना ज्या समजुतीने दगा दिला, ती लोणावळ्याच्या एका योग्याने सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच खोडून काढली होती. ती छापलेली होती, ग्रंथालयांत उपलब्ध होती. आम्ही मराठी असून ती वाचली नव्हती. दोष प्राणायामाचा नव्हता. मोजण्याची परंपरा आम्ही विसरलो, हा दोष होता.

२०१४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. आमच्या कार्यालयातही त्या दिवशी हिरवळीवर चटया अंथरल्या जातात. हा आनंदाचाच विषय आहे. पण त्याच वेळी २०२० साली 'दहा सेकंद श्वास रोखता आला तर कोरोना नाही' असा निराधार निरोप घरोघर फिरला आणि सुशिक्षितांनीही त्यावर विश्वास ठेवला, हेही विसरता येत नाही.

आमच्या वाचनातून व अनुभवातून निष्पन्न झालेल्या चार गोष्टी नम्रपणे सांगतो. श्वास नाकाने घ्यावा. नाक हवा गाळते, ओलावते व ऊबदार करते. बसल्या जागी पोट सैल ठेवून, उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवून, दहा मिनिटे संथ श्वसन करावे. कपालभाती, भस्त्रिका व दीर्घ कुंभक या क्रिया रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवती भगिनींनी पुस्तक अथवा पडदा पाहून करू नयेत. हठप्रदीपिकेनेही चुकीच्या अभ्यासाने खोकला, दमा व शिरोवेदना होतात, असा इशारा शतकांपूर्वी देऊन ठेवला आहे. आणि दिल्लीकरांसाठी विशेष : दिवाळीनंतर जेव्हा धुरके उतरते, तेव्हा पहाटे उद्यानात जाऊन जोरात श्वास भरून घेऊ नये. हवेतील विषारी कण श्वासाच्या प्रमाणातच आत जातात. त्या दिवसांत अभ्यास दारे लावून घरातच बरा.

परप्रांतातील आयुष्य हे एका परीने उथळ श्वासाचे आयुष्य असते. बदलीची टांगती तलवार, मुलांच्या शाळा, गावाकडील वृद्ध आईवडिलांची चिंता, यांत दिवस धापा टाकीत जातात. आपल्या मंडळाने गेली पन्नास वर्षे आपणांस दम खाण्यासाठी एक ओटा दिला, असे आम्हांस वाटते. मंडळाच्या वाचनालयात कुवलयानंदांचे ग्रंथ असावेत आणि एखाद्या संध्याकाळी डॉक्टर व योगशिक्षक यांना एकाच व्यासपीठावर बसवून सभासदांच्या प्रश्नांना उत्तरे मिळावीत, अशी आमची सूचना आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही दादांची अनुमती मागितली. ते आता निवृत्त असून रोज सकाळी गॅलरीतील तुळशीसमोर खुर्ची टाकून बसतात. आधी गोळी घेतात, मग डोळे मिटून संथ श्वास घेतात. क्षणभर विचार करून ते म्हणाले, 'लिही. पण प्राणायामाचे लिहिशील, तेव्हा गोळीचेही लिही.' त्यांच्या आज्ञेचे पालन केले आहे.

मंडळास शतायुषी होण्याच्या शुभेच्छा. आणि आपणां सर्वांस एकच विनंती : दमाने घ्यावे.